समीकरणाचे गुरुजी : विष्णु वासुदेव नारळीकर

महाडच्या औद्योगिक वसाहतीचे दिवे मागे पडले आणि पोलादपूर ओलांडून गाडी आंबेनळी घाटाला लागली, की मुंबई-पुण्याच्या माणसाची आकाशाशी पुन्हा ओळख होते. वैशाखातल्या अमावास्येच्या आसपास, पावसाआधीच्या कोरड्या रात्री, माथ्यावर अरुंधती केश हा फिकट ताऱ्यांचा पुंजका दिसतो आणि रात्र चढत जाते तसा पूर्वेकडून आकाशगंगेचा पट्टा वर सरकू लागतो. शहरात विसरायला झालेले हे वैभव पाहून विश्वाचा बराचसा भाग आपल्यासमोर उलगडला आहे, असे वाटते. ते समाधान फसवे आहे. तारे, ग्रह, वायू, धूळ, सह्याद्रीचे कडे आणि त्यांच्याकडे पाहणारी माणसे ज्या द्रव्याची बनली आहेत, ते सारे मिळून विश्वाच्या पसाऱ्यात जेमतेम ५ टक्के भरते. सुमारे २७ टक्के वाटा कृष्णद्रव्याचा, म्हणजे ज्याला शास्त्रज्ञ डार्क मॅटर म्हणतात त्याचा, आणि उरलेला सुमारे ६८ टक्के कृष्णऊर्जेचा, म्हणजेच डार्क एनर्जीचा. नावे भारदस्त असली तरी ती आपल्या अज्ञानाला दिलेली आहेत. त्यांचा परिणाम मोजता येतो. ती काय आहेत, हे कोणालाही सांगता आलेले नाही.

हाच घाट चढून महाबळेश्वर, सातारा करीत दक्षिणेला गेले की कोल्हापूर लागते. अदृश्य विश्वाच्या या कोड्याचे मराठी माणसाशी असलेले नाते शोधू लागल्यास ते थेट कोल्हापूरला जाऊन पोचते. तेथे २६ सप्टेंबर १९०८ रोजी विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म झाला. आजच्या वाचकाला नारळीकर म्हटले की जयंतरावच आठवतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु जयंतरावांचे वडील एवढीच विष्णुपंतांची ओळख उरावी, हा त्यांच्यावर अन्यायच होय. भारतात व्यापक सापेक्षता सिद्धांताचे शिक्षण आणि संशोधन ज्या मोजक्या माणसांमुळे रुजले, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. आणि कृष्णद्रव्य असो वा कृष्णऊर्जा, त्यांच्याविषयीचा प्रत्येक तर्क अखेर याच सिद्धांताच्या कसोटीवर घासून पाहावा लागतो.

घराणे संस्कृत विद्येचे. वडील वासुदेवशास्त्री हे संस्कृतचे पंडित. विष्णुपंतांचा ओढा मात्र गणिताकडे. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ साली पदवी मिळवून ते केंब्रिजला गेले. त्यासाठी जे. एन. टाटा यांच्या निधीचे आणि कोल्हापूर संस्थानाचे साहाय्य लाभले.

त्या काळी हुशार मराठी मुलाने केंब्रिजला जाणे याचा अर्थ बहुतेक घरांत एकच घेतला जाई. महाडजवळच्या नाते गावात १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे त्याचे ठळक उदाहरण. केंब्रिजमध्ये निसर्गविज्ञानात चमकलेले चिंतामणराव १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पहिले आले आणि पुढे १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. दुसरी वाट रँग्लर परांजपे यांनी १८९९ मध्ये घालून दिली होती : गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत अव्वल यायचे आणि परत येऊन महाविद्यालयात शिकवायचे. परांजप्यांमुळेच रँग्लर हा शब्द मराठी घरांत पदवीपेक्षा बिरुदासारखा वापरला जाऊ लागला. विष्णुपंतांनी ही दुसरी वाट धरली. १९३० साली ते ट्रायपॉसमध्ये विशेष श्रेणीचे, बी-स्टार, रँग्लर ठरले. पाठोपाठ आयझॅक न्यूटन शिष्यवृत्ती आणि रॅले पारितोषिक मिळाले. संशोधनासाठी केंब्रिज, हाताशी शिष्यवृत्ती आणि वय बाविशीचे, असा तो योग होता.

नेमका तो काळही विलक्षण होता. आइनस्टाइन यांनी १९१५ साली व्यापक सापेक्षता सिद्धांताचे जे समीकरण मांडले, त्याच्या दोन बाजू आहेत. डाव्या बाजूला भूमिती, म्हणजे अवकाश आणि काळ किती आणि कसे वाकले आहेत त्याचा हिशेब. उजव्या बाजूला द्रव्य आणि ऊर्जा, म्हणजे ते कशामुळे वाकले आहेत त्याचा हिशेब. या समीकरणातून विश्वाचे चित्र काढायला गेल्यावर आइनस्टाइन यांच्या लक्षात आले, की स्वस्थ बसलेले विश्व त्यातून निघतच नाही. तेव्हा १९१७ साली त्यांनी डाव्या बाजूला एक जादा पद जोडले. ग्रीक वर्णमालेतील लॅम्डा या अक्षराने ते दाखवले जाते. त्याचा परिणाम विश्वव्यापी प्रतिकर्षणासारखा, वस्तूंना एकमेकींपासून दूर लोटणारा. गुरुत्वाकर्षण आत ओढणार, लॅम्डा बाहेर ढकलणार आणि विश्व जागच्या जागी राहणार, अशी ती योजना.

पुढे फ्रीडमन आणि लमेत्र यांनी प्रसरण पावणाऱ्या विश्वाची गणिते मांडली. १९२९ साली हबल यांच्या निरीक्षणांनी दीर्घिका दूर जात असल्याचे दाखवून दिले. १९३० साली, म्हणजे नारळीकर रँग्लर झाले त्याच वर्षी, केंब्रिजचे खगोलशास्त्राचे प्राध्यापक आर्थर एडिंग्टन यांनी आइनस्टाइन यांचे स्थिर विश्व मुळात स्थिरच नाही, हे गणिताने सिद्ध केले. टोकावर उभी केलेली पेन्सिल जशी वाऱ्याच्या झुळुकीने कोसळेल, तसे ते विश्वही जरा धक्का लागताच प्रसरण तरी पावेल किंवा आकुंचन तरी. लॅम्डाची गरज संपली असे मानून आइनस्टाइन यांनी १९३१ साली ते पद सोडून दिले. एडिंग्टन मात्र अडून राहिले. त्यांच्या मते लॅम्डा हे ठिगळ नव्हते. ते निसर्गाच्या घडणीचाच भाग होते. ज्या विद्यापीठात हा वाद ताजा होता, त्याच विद्यापीठात नारळीकर संशोधनाचे पहिले धडे घेत होते. या वादाचे उरलेले अध्याय पुढे त्यांच्याच घरात आणि त्यांच्याच शिष्यशाखेत लिहिले जायचे होते.

पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यांना बनारस हिंदू विद्यापीठात बोलावून घेतले. माणसे हेरण्याची मालवीयजींची हातोटी प्रसिद्ध आहे. १९३२ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, नारळीकर तेथे गणित विभागाचे प्रमुख झाले. केंब्रिज सोडून काशीला जाणे हा तोट्याचा व्यवहार होता की नाही, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. एक गोष्ट मात्र खरी. त्या दिवसांत भारतीय विद्यापीठांतून सापेक्षता हा विषय शिकवणारे फार थोडे होते आणि संशोधनासाठी लागणारी नियतकालिके समुद्रमार्गे यायला आठवडे लागत. शिवाय हा विषय जगभरच ओसरणीला लागला होता. पुंजयांत्रिकीने तरुण पिढीला वेड लावले होते. सापेक्षतेला मात्र ना प्रयोगशाळा, ना नवी निरीक्षणे. गणिताच्या प्रेमापोटी काही मंडळींनी धरून ठेवलेली शाखा, अशीच तिची स्थिती पुढची वीस-पंचवीस वर्षे राहिली. नारळीकरांनी आपली उमेदीची वर्षे नेमक्या याच शाखेसाठी वेचली.

ते काशीला स्थिरावत होते तेव्हा, १९३३ साली, अमेरिकेत काम करणाऱ्या फ्रिट्झ झ्विकी या स्विस शास्त्रज्ञाने अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेला दिसणाऱ्या एका प्रचंड दीर्घिका-समूहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा समूह आपल्यापासून ३० कोटी प्रकाशवर्षांहूनही दूर आहे आणि दुर्बिणीशिवाय दिसत नाही. त्यातल्या दीर्घिका इतक्या वेगाने धावताना आढळल्या, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनाने त्या एकत्र टिकणेच शक्य नव्हते. समूह केव्हाच विखरून जायला हवा होता. तो विखुरला नाही, याअर्थी न दिसणारे पुष्कळ द्रव्य त्याला बांधून धरीत असले पाहिजे, असा निष्कर्ष झ्विकी यांनी काढला. कृष्णद्रव्याच्या कथेची सुरुवात येथून मानली जाते. त्यावेळी तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. युरेनस ग्रह गणिताप्रमाणे चालेना, तेव्हा खगोलशास्त्रज्ञांनी न दिसणारा आणखी एक ग्रह कल्पिला आणि १८४६ साली नेपच्यून खरोखरच सापडला. बुधाची कक्षाही गणिताला जुमानेना. शतकाला ४३ विकलांचा फरक राहत होता. तेव्हाही तीच युक्ती करून व्हल्कन नावाचा ग्रह कल्पिण्यात आला. तो वर्षानुवर्षे शोधला गेला, आणि सापडला नाही. कारण तो नव्हताच. चूक न्यूटनच्या नियमात होती आणि आइनस्टाइन यांच्या सिद्धांताने ती १९१५ साली दूर केली. एकाच प्रकारच्या दोन अडचणी. एकीचे उत्तर समीकरणाच्या उजव्या बाजूला, अदृश्य वस्तूत मिळाले. दुसरीचे डाव्या बाजूला, नियमच बदलण्यात. आज कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा यांच्याविषयी जेवढे म्हणून तर्क लढवले जातात, ते सगळे या दोन खात्यांत विभागता येतात.

नारळीकरांनी विद्यार्थ्यांना दिलेली शिकवण याच जागी कामी येते. समीकरणात काही बदलण्यापूर्वी त्या समीकरणात मुळात काय दडले आहे ते तरी पुरते जाणून घ्यावे, हा त्यांच्या कामाचा रोख होता. आइनस्टाइन यांच्या समीकरणाची अचूक उत्तरे काढणे महाकठीण. कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १९१६ साली एका गोलाकार ताऱ्याबाहेरच्या मोकळ्या अवकाशाचे उत्तर काढले होते. त्यात तारा प्रकाशत नाही, असे गृहीत धरलेले. खरा तारा तर प्रकाशतो. तो ऊर्जा टाकतो आणि त्याबरोबर त्याचे वस्तुमानही घटते. अशा ताऱ्याभोवतीचे अवकाश कसे असेल?

हा प्रश्न सोडवला प्रल्हाद चुनीलाल वैद्य या गुजराती तरुणाने. नारळीकरांच्या हाताखाली काम करायचे, एवढ्याच ध्यासाने १९४२ साली ते बनारसला आले आणि साठवलेल्या थोड्याशा पैशांवर सुमारे दहा महिने राहिले. ते वर्ष चले जाव आंदोलनाचे. विद्यापीठाचे आवार त्या ऑगस्टमध्ये अशांत होते. अशा धामधुमीत प्रकाशणाऱ्या ताऱ्याचे गणित सुटले आणि १९४३ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. वीस वर्षे त्याची विशेष वास्तपुस्त झाली नाही. १९६३ साली क्वेसारचा शोध लागला, प्रचंड वस्तुमान कोसळताना काय घडते याची गणिते करण्याची निकड भासू लागली आणि वैद्य यांचे उत्तर जगभरच्या शोधनिबंधांत दिसू लागले. आज सापेक्षतेच्या कोणत्याही प्रगत पुस्तकात ते त्यांच्या नावाने आढळते. के. आर. करमरकर यांच्यासह नारळीकरांनी १९४९ साली वक्रतेच्या १४ अपरिवर्तनीय राशी मांडल्या. निरीक्षकाने कोणतीही मापनपद्धती घेतली तरी या राशी बदलत नाहीत. एखाद्या उत्तरात दिसणारा बिघाड अवकाशाचा खरा आहे की केवळ आपल्या मापनपद्धतीचा, हे ओळखायला त्या उपयोगी पडतात. आइनस्टाइन यांच्या अखेरच्या काळातील एकीकृत क्षेत्र सिद्धांतावरही बनारसमध्ये काम चालले. तो सिद्धांत पुढे फळाला आला नाही, पण त्यात नारळीकरांची चूक ती काय? खुद्द आइनस्टाइन यांच्या आयुष्याची तीस वर्षे त्या वाटेवर गेली.

विद्यापीठाच्या आवारातील त्यांचे घर हे एक वेगळेच प्रकरण होते. पत्नी सुमतीबाई या कोल्हापूरच्या हुजूरबाजार घराण्यातल्या, संस्कृतच्या विदुषी. थोरले चिरंजीव जयंत यांचा जन्म १९३८ साली कोल्हापूरचा. धाकटे अनंत पुढे अतिसंवाहकतेचे संशोधक म्हणून नावारूपाला आले. घरी मराठी, शाळेत हिंदी, वडिलांच्या कपाटात इंग्रजी आणि आईच्या मुखी संस्कृत, अशी मुलांची जडणघडण. भिंतीवर मुलांसाठी फळे लावलेले असत. सुमतीबाईंचे बंधू मोरेश्वर हुजूरबाजार, म्हणजे मुलांचे मोरूमामा, एम. एस्सी.साठी तेथे राहायला आले तेव्हा त्यांनी एका फळ्यावर जयंतसाठी गणिताची आव्हाने लिहायला सुरुवात केली. गणित सुटेपर्यंत किंवा भाच्याने हार मानेपर्यंत ते पुसायचे नाही, असा रिवाज. महाराष्ट्रातील एका मोठ्या वैज्ञानिक कारकिर्दीची मुळे या फळ्यात आहेत, हे जयंतरावांनी पुढे वेळोवेळी सांगितले.

१९५७ साली जयंत बनारसची पदवी घेऊन केंब्रिजला गेले आणि वडिलांच्याच फिट्झविल्यम हाउसमध्ये दाखल झाले. विष्णुपंतांनी १९६० साली बनारस सोडले. विभागप्रमुखपदाची २८ वर्षे संपवून ते राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. या सहा वर्षांचे काय करावे, हा त्यांच्या चरित्रकाराला पडणारा प्रश्न आहे. नव्या राज्याला नि:स्पृह अध्यक्ष मिळाला, हे मान्य. पण क्वेसार सापडले, अवघे विश्व भरून राहिलेल्या सूक्ष्मलहरींचा शोध लागला आणि ओस पडलेल्या सापेक्षतेच्या आखाड्यात अचानक गर्दी उसळली, ती नेमकी याच सहा वर्षांत. ज्याने दुष्काळात विहीर खणली तो पाणी लागले तेव्हा अजमेरला उमेदवारांच्या मुलाखती घेत होता, ही चुटपुट लागल्यावाचून राहत नाही.

१९६६ साली ते पुण्याला आले. पुणे विद्यापीठात उपयोजित गणिताचे लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून त्यांनी १९७३ पर्यंत काम केले. देशभर विखुरलेल्या सापेक्षतेच्या अभ्यासकांची संघटना १९६९ साली स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्या वेळच्या सभासदांत त्यांचे शिष्य आणि शिष्यांचे शिष्य मोठ्या संख्येने होते. त्यांपैकीच एक नरेश दधिच. मूळचे राजस्थानचे, वैद्य यांच्याकडून सापेक्षतेची गोडी लागलेले हे विद्यार्थी पुण्यात विष्णुपंतांकडे पीएच. डी. करून तेथेच राहिले. १९७२ साली जयंतरावही केंब्रिजहून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले.

त्या सुमारास झ्विकी यांचा विसरलेला प्रश्न पुन्हा वर येत होता. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० साली देवयानी दीर्घिकेच्या परिभ्रमणाची मोजमापे प्रसिद्ध केली आणि नंतरच्या दशकात तशाच अनेक दीर्घिका तपासल्या. केंद्रापासून दूरचे तारे संथ फिरावेत, असे गणित सांगे. प्रत्यक्षात ते आतल्या ताऱ्यांच्याच वेगाने फिरत होते. आता दुर्लक्ष करणे शक्य नव्हते. उजव्या बाजूला काय भरावे, यावर सूचनांचा पाऊस पडला : विझलेले तारे, विश्वाच्या आरंभीची लहानलहान कृष्णविवरे, अद्याप न सापडलेले जड आणि अलिप्त कण, ॲक्सिऑन नावाचे अतिहलके कण. उलट १९८३ साली मोर्देहाय मिलग्रोम या इस्रायली शास्त्रज्ञाने नियमच दुरुस्त करावा, असे सुचवले. त्वरण अत्यंत क्षीण असेल तेथे गतीचा न्यूटनप्रणीत नियम थोडा वेगळा चालतो असे मानले, की दीर्घिकांच्या परिभ्रमणाचा हिशेब अदृश्य द्रव्यावाचून जुळतो. दीर्घिका-समूहांच्या बाबतीत मात्र तो अपुरा पडतो. २००६ साली एकमेकांवर आदळलेल्या दोन समूहांच्या निरीक्षणात तेजस्वी वायू एकीकडे आणि वजन दुसरीकडे असल्याचे दिसले. बहुतेक शास्त्रज्ञांचा कल तेव्हापासून अधिकच उजव्या बाजूकडे झुकला. तरी जमिनीखाली खोलवर बसवलेल्या अतिसंवेदनशील उपकरणांनाही कृष्णद्रव्याचा एक कण निर्विवादपणे गवसलेला नाही. हा नेपच्यून आहे की व्हल्कन, याचा निवाडा व्हायचा आहे.

विष्णुपंतांनी यातले १९९१ पर्यंतचे पाहिले. पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली जयंतरावांच्या नेतृत्वाखाली आयुका ही संस्था आकार घेऊ लागली होती. बनारसच्या ग्रंथालयात आठवडेच्या आठवडे नियतकालिकांची वाट पाहिलेल्या माणसाला, देशभरच्या विद्यापीठांतील शिक्षकांनी येऊन संशोधन करावे अशी संस्था आपल्याच गावात उभी राहताना दिसली. १ एप्रिल १९९१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. संस्थेच्या वास्तूचे लोकार्पण १९९२ च्या डिसेंबरमध्ये झाले.

त्यानंतर सातच वर्षांनी, १९९८ साली, लॅम्डा परत आला. दूरच्या अतिनवताऱ्यांचा प्रकाश मोजणाऱ्या दोन स्वतंत्र गटांना ते अपेक्षेपेक्षा अंधुक, म्हणजे अधिक दूर असल्याचे आढळले. विश्वाचे प्रसरण मंदावण्याऐवजी वेग घेत होते. २०११ सालचे भौतिकीचे नोबेल या शोधाला मिळाले. सर्वांत सोपे स्पष्टीकरण आइनस्टाइन यांनी टाकून दिलेले पद हेच होते. पण ते पद समीकरणाच्या कोणत्या बाजूचे? उजवीकडे नेले तर तो रिकाम्या अवकाशाच्या अंगी असलेल्या ऊर्जेचा परिणाम ठरतो. आणि पुंजसिद्धांताने त्या ऊर्जेचा साधा अंदाज काढला, तर तो निरीक्षणाच्या सुमारे १ वर १२० शून्ये इतक्या पटीने मोठा येतो. विज्ञानाच्या इतिहासात एवढा चुकलेला अंदाज दुसरा नसावा.

येथे विष्णुपंतांची परंपरा दोन वाटांनी जाते. जयंतरावांनी गुरू फ्रेड हॉइल यांच्यासह १९६० च्या दशकापासूनच एका वेगळ्या क्षेत्राचा पुरस्कार केला होता. सी-फील्ड नावाच्या या क्षेत्राची ऊर्जा ऋण असते. त्यातून नवे द्रव्य निर्माण होते आणि विश्व फैलावत राहते. स्थिर स्थितीच्या त्या सिद्धांतात प्रसरण वेगावत जाणे अपेक्षितच होते, याची आठवण १९९८ नंतर देणे त्यांना भागच होते. कारण महास्फोटवादी तोवर उलट, प्रसरण मंदावत असल्याचे गृहीत धरून चालले होते. हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर १९९३ साली मांडलेल्या सुधारित सिद्धांतात त्यांनी अतिनवताऱ्यांच्या अंधुकपणासाठी धातूच्या सूक्ष्म तंतुसदृश कणांची धूळही सुचवली. विश्वातील सूक्ष्मलहरींच्या बारीक मोजमापांपुढे हा सिद्धांत बहुसंख्य शास्त्रज्ञांना पटला नाही, हे नमूद केलेच पाहिजे. पण न पाहिलेल्या गोष्टी मान्य करण्यापूर्वी पर्याय तपासावेत, हा आग्रह जयंतरावांनी २० मे २०२५ रोजी झालेल्या निधनापर्यंत सोडला नाही.

दुसरी वाट दधिच यांची. २००३ ते २००९ या काळात आयुकाचे संचालक राहिलेल्या या शिष्याने लॅम्डाला पुन्हा डाव्या बाजूला बसवले. त्यांचे म्हणणे असे, की द्रव्य मुळीच नसलेले, सर्वत्र सारखे असे अवकाश घेतले तर त्याची वक्रता शून्यच असली पाहिजे असे कोठे आहे? ती एक निश्चित संख्या असू शकते. प्रकाशाचा वेग हा जसा अवकाश-काळाच्या घडणीतला स्थिरांक, तसाच लॅम्डाही. मग कृष्णऊर्जा नावाचे वेगळे द्रव्य शोधत बसण्याचे कारण उरत नाही आणि १२० शून्यांचा गोंधळही तुलनाच चुकीची म्हणून गळून पडतो. एडिंग्टन यांचा १९३० सालचा हट्ट काशी आणि पुणेमार्गे असा पुन्हा प्रकट झाला.

हे दोन्ही दृष्टिकोन निरीक्षणाने तपासता येण्यासारखे आहेत, ही समाधानाची बाब. लॅम्डा खराच स्थिरांक असेल, तर विश्वाच्या कोणत्याही वयात त्याचे मूल्य तेच भरले पाहिजे. ॲरिझोनातील किट पीक येथील दुर्बिणीवर बसवलेल्या डेसी या उपकरणाने लक्षावधी दीर्घिकांची अंतरे मोजून २०२४ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२५ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत कृष्णऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी, अशी चिन्हे आहेत. शोध जाहीर करण्याइतका तो पुरावा भक्कम नाही. तो तसा ठरला, तर डाव्या बाजूचा स्थिरांक मागे पडेल आणि उजव्या बाजूला बदलत्या ऊर्जेच्या एखाद्या क्षेत्रासाठी जागा करावी लागेल. ठरला नाही, तर दधिच यांचे पारडे जड होईल. युरोपची युक्लिड ही अवकाश-दुर्बीण जुलै २०२३ मध्ये याच कामासाठी रवाना झाली आहे. तिच्या मोजमापांचा अर्थ लावायला जे समीकरण वापरले जाईल ते १९१५ सालचेच आहे.